साइड स्टँडवर बघितलेलं तेल

आई, तुझे गुडघे कसे आहेत? बाबांचा खोकला थांबला का? थोरल्या आत्याला आता तरी नीट ऐकू येतं, की अजून सगळ्यांना दोनदा बोलायला लावते? तुम्ही तिघंही जाऊन वीस वर्षं उलटली, पण हे विचारल्याशिवाय पुढे लिहायला हात होत नाही. इथे अबूधाबीत तुझ्या सुनेची शुगर ताब्यात आहे. तुझी नात नोकरीला लागली, आता तीच मला गाडीतून फिरवते. माझ्या मात्र चार दिवस घास घशाखाली उतरत नाही. दुखत-खुपत काही नाही. स्वतःचीच किळस आली आहे.

माझ्याकडे बाबांच्या गाडीसारखीच एक जुनी मोटरसायकल आहे. साठी उलटली तरी सोडवत नाही. इथल्या कारखान्यांच्या भागात, मुसफ्फाच्या एका गॅरेजात गेली दहा वर्षं एकच मिस्त्री तिला हात लावतो. केरळचा आहे, मला अंकल म्हणतो. गेल्या आठवड्यात त्याने तेल बदलून दिलं. शनिवारी सकाळी घराखाली मी ते बघायला बसलो. गाडी जड, कंबर धरलेली, म्हणून मेन स्टँडवर घ्यायचा कंटाळा केला. साइड स्टँडवरच तेलाची कांडी काढली, पुसली, परत बुडवून बघितली. टोक नुसतं ओलं. डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, दहा वर्षं अंकल अंकल करतो आणि तेल मारतो. लगेच मालकाला फोन करून तसं सांगितलंही. मग डबा आणून वरच्या खुणेला लागेपर्यंत ओतत राहिलो.

अगं, हे मला तूच शिकवलं होतंस. बाबांना धीर नसायचा, म्हणून दर रविवारी तूच त्यांच्या गाडीचं तेल बघायचीस. लोणच्याच्या बरणीत फोडींच्या वर बोटभर तेल आहे ना, हे ज्या नजरेने बघायचीस, त्याच नजरेने. मी कॉलेजात असताना अगदी हीच चूक केली होती. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी आहेस, कोपरापर्यंत पीठ, आणि आवाज न चढवता म्हणतेस, "गाडी वाकडी उभी करतोस, वर तेल कमी म्हणतोस?" मग जास्तीचं तेल काढेपर्यंत मला ताट वाढलं नव्हतंस.

शनिवारी हायवेला लागेपर्यंत गाडी निळा धूर ओकायला लागली. तशीच रखडत गॅरेजात नेली, लेकीला तिकडेच बोलावलं. माझ्या फोनमुळे मालक आधीच तापलेला. सगळ्यांसमोर तो मिस्त्रीला चोर म्हणाला. मिस्त्रीने गाडी मेन स्टँडवर घेतली, थोडा थांबला, कांडी पुसून बुडवली आणि माझ्यासमोर धरली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. मला तिथेच सगळं उमगलं. तो हळूच म्हणाला, "अंकल, इतना मैंने नहीं डाला."

आणि मी म्हणालो, "तो फिर किसने डाला?"

चोरीचा आळ तिथेच पडायला हवा होता, कारण तेल कमी नव्हतंच. पण मालकाला काय, कमी भरलं काय आणि जास्त भरलं काय. खलास, म्हणाला, महिनाअखेर व्हिसा कॅन्सल. मिस्त्री कांडी पुसत राहिला. परतताना लेक गाडी चालवत होती. समोर बघतच म्हणाली, "बाबा, यू टॉप्ड इट अप. आय सॉ यू." मी एसी वाढवला.

दोन दिवसांनी गेलो. मालकाला म्हटलं, "शायद मेरे हाथ से ही ज्यादा गिरा होगा." तो हसायलाच लागला. अंकलचं काळीज केवढं मोठं, दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेतात, असं चार लोकांना ऐकवलं. चहा मागवला. मिस्त्रीला बोलावून सांगितलं, अंकलमुळे तुझी नोकरी वाचली, शुक्रिया बोल. तो काळ्या हातांनी आला, माझ्या बुटांकडे बघत शुक्रिया म्हणाला आणि परत कामाला गेला. नोकरी राहिली, चोर हा शिक्काही राहिला. मी चहा संपवला, आई. वर कपातली साखरसुद्धा चमच्याने काढून खाल्ली.

घरी लेकीने विचारलं, सांगितलंत का. मी हो म्हटलं. तिने मला मिठी मारली. तेव्हा तर अंगावरची कातडी सोलून टाकावीशी वाटली.

हे कागद कुठल्याच पेटीत पडणार नाहीत, म्हणून तुला सांगतो. तो 'शायद' तोंडातून निसटलेला नव्हता. मुसफ्फाला जाताना वाटेतच मी तो ठरवून ठेवला होता. खरं बोललो असंही व्हावं आणि कुणाला ते खरंही वाटू नये. आता पुन्हा जाऊन तो शब्द काढून बोलायचं आहे, आणि पाय निघत नाही. शिव्या घातल्यास तरी चालेल, पण लवकर लिही.