वन्संच्या शेजारची जागा

चि. तात्सुजी यास ताईचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? मलम लावतोस की नुसतं कपाटात ठेवतोस? मी बरी आहे. हे गेल्यावर जितकं बरं असावं तितकी.

ह्यांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी पार पडला. त्यानंतर मांसाहार पुन्हा सुरू करायचा, म्हणून वन्संनी (टोकियोहून आल्या होत्या, सल्ल्यांसह) मला इथे ओसाकातच सुकियाकीच्या हॉटेलात नेलं. खरं कारण वेगळं. टोकियोतल्या त्यांच्या घराण्याच्या थडग्यावर ह्यांचं नाव कोरायचं आहे. त्याशेजारी माझंही आत्ताच लाल रंगात कोरावं, आणि मी मेले की रंग खरवडावा, असा त्यांचा बेत. (पाथरवटाला दोनदा बोलवायला नको.) वन्संनी लग्न केलं नाही, तेव्हा त्याही तिथेच येणार.

मेजावर शेगडी, तीवर पसरट कढई, बाजूला ह्यांचा फोटो आणि फोटोपुढे ताटली. वाढणाऱ्या बाईंनी आपल्या ओसाकाच्या रीतीनं चरबी फिरवली, मांस टाकलं, वर साखर भुरभुरली. वन्संनी त्यांचा हात बाजूला सारून टोकियोच्या रीतीनं आधीच रश्शाचं भांडं ओतलं.

"वन्सं, मांस आधी भाजतात," मी म्हणाले.

"तुमच्याकडे जाळतात. इतकी वर्षं माझ्या भावानं करपलेलं खाल्लं. कधी बोलला नाही बिचारा."

वाफेनं फोटोतला ह्यांचा चष्मा धुरकटला. वन्संनी तो हातपुसण्यानं पुसला आणि त्याच झपाट्यात मांसाचा तुकडा काड्यांनी माझ्यापुढे धरला. मी बावळटासारखा तो माझ्या काड्यांनी धरला. दहनानंतर स्मशानात आम्ही दोघींनी ह्यांचं हाड असंच काड्यांत काड्या घालून उचललं होतं; जेवताना तसं कुणी करत नाही. वाढणाऱ्या बाई खाली बघू लागल्या.

"सोड की गं."

"तुम्ही सोडा."

शेवटी तुकडा ह्यांच्या ताटलीत पडला. वन्सं रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "घाबरू नकोस. तिथे तुझी जागा माझ्या शेजारीच आहे. मी बघेन तुझ्याकडे."

माझ्या तोंडात घास होता, त्यामुळे नुसती मान हलली. त्यांनी तो होकार धरला.

गुडघ्याला जप.
तुझी ताई, फुसाए

ता.क. मांस छान शिजलं होतं. कुणाला सांगू नकोस.

पुन्हा ता.क. आईबाबांच्या थडग्यात मला जागा आहे का, हे देवळातल्या भिक्षूंना याच आठवड्यात विचार. पाथरवट सोमवारी येतो. ह्यांना एकटं टाकते असं समजू नकोस. ह्यांचं एक हाड मी आधीच बाजूला काढून ठेवलं आहे. तुझ्या बायकोला मात्र इतक्यात बोलू नकोस. तिलाही एक दिवस तिथेच यायचं आहे, आणि तिची नणंद मी आहे.