खिळ्यावरची किल्ली

आल्डर बे, मिशिगन
४ नोव्हेंबर २०१२

चि. सिल्वीस,
हेल्मीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन का करत नाहीस म्हणून रागावतेस, पण फोनवर तुझे ताउनोभावोजी शेजारी बसून माझं एकेक वाक्य दुरुस्त करतात. कागदावर निदान माझं मला बोलता येतं.

इकडे बर्फ बसला. हरणांच्या शिकारीचे दिवस आले, सगळ्या गावाने शिकारीची नारिंगी जॅकेटं वाऱ्यावर टाकली आहेत. ताउनो खिडकीतून बघतात आणि म्हणतात, यंदाही हरणांनी निर्धास्त असावं. ह्यांच्या पाठीवर झाड पडलं तेव्हापासून जंगलात जाणं संपलं, जीभ मात्र शाबूत आहे.

आता खरी बातमी. सरकारकडून औषधी गांजाचं कार्ड आलं. एक ह्यांचं, रोगी म्हणून, आणि एक माझं, त्यांची देखभाल करणारी म्हणून. अंगणापलीकडच्या जुन्या सॉनात, जिथे आपल्याला आई शनिवारी वाफेत बसवून घासायची, तिथे मी दिवे टांगून गांजाची रोपं लावली होती, ती आता कंबरेएवढी झाली. पाला लोण्यात उतरवते आणि बिस्किटात घालते. ज्या माणसाने आयुष्यभर याला रिकामटेकड्यांचं गवत म्हटलं, तो माणूस रात्रीच्या जेवणानंतर लहान मुलासारखा आपलं बिस्किट मागतो. पायांचे झटके थांबलेत. जुन्या गोळ्यांनी कसे भिंतीकडे बघत बसायचे, आठवतं ना? आता परत टोमणे मारतात, म्हणजे बरे आहेत.

रोपांना त्यांनी बायकांची नावं दिली आहेत. सगळ्यात उंच, जरा वाकडं, काठीच्या आधाराने उभं आहे, त्याचं नाव सिल्वी. तूच काय ते बघून घे.

थंडीत जपून राहा. ह्या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
हेल्मीताई


लान्सिंग
१२ नोव्हेंबर २०१२

ती. हेल्मीताईस,
सिल्वीचा सा. न. वि. वि.

भावोजींना सांग, वाकडी सिल्वी त्यांना शेवटी उपयोगी पडतेय, सरळ बायका कुठे गेल्या? पत्र वाचून हसले आणि मग ऑफिसातल्या खुर्चीत बसूनच थोडी रडले. ते टोमणे मारतात हे वाचून फार बरं वाटलं.

पण ताई, आता जरा नीट ऐक. मी वकिलाकडे टंकलेखन करते, त्यामुळे कार्ड असूनही फसलेली माणसं रोज बघते. कायदा तुमच्या बाजूचा आहे, पण तो फार हट्टी आहे. रोपं कुलपात हवीत, आणि ते कुलूप तुम्हा दोघांखेरीज कुणाला उघडता येता कामा नये. कार्ड कायम जवळ ठेव. तळ्याच्या पश्चिमेला विस्कॉन्सिनची हद्द लागते, तिथे हे कार्ड चालत नाही, म्हणून मिल्लीआत्याकडे जाताना बिस्किटं नेऊ नकोस.

आणि पोलीस आलेच, तर तू बाहेर ये आणि दार मागे ओढून घे. वॉरंट आहे का, एवढंच नम्रपणे विचार. नसेल तर सांग की झडतीला माझी परवानगी नाही. भांडू नकोस, हात लावू नकोस, खोटं बोलू नकोस. कार्ड दाखव आणि वकिलाशिवाय आम्ही बोलणार नाही म्हण. गप्प राहणं हा गुन्हा नाही, ताई. हे भावोजींनाही सांग, त्यांना तर जास्तच.

हे पत्र समोर दिसेल असं लाव.
तुमच्या दोघांच्या मायेवर कायम हक्क सांगणारी,
सिल्वी


आल्डर बे
२५ नोव्हेंबर २०१२

चि. सिल्वीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलंय. ताउनो येता-जाता त्याला सलाम करतात आणि विचारतात, सरन्यायाधीशांची आज काही आज्ञा?

कुलूप आणलं, पितळी, चांगलं दणकट. सॉनाला लावलं आणि किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर टांगली. तुला हे आवडणार नाही, पण विचार कर. तळ्यावर मासे धरायला गेलेला कुणी वादळात अडकला, कुणाची स्नोमोबाइल बर्फात रुतली, तर सगळ्यांना ठाऊक आहे की आपल्या सॉनात चूल आहे आणि सुकी लाकडं रचलेली आहेत. बाबांच्या वेळेपासून असं आहे. मी किल्ली खिशात घालून झोपले आणि सकाळी दाराशी कुणी गोठलेला सापडला तर?

घराला तर आपण कधीच कडी लावली नाही. आणि आलेल्या माणसाला बाहेर थंडीत उभं करून वॉरंट विचारायचं? आई थडग्यातून उठून येईल. तू मोठ्या पुलापलीकडे दक्षिणेला, आपण म्हणतो तसं पुलाखाली, राहायला गेलीस आणि पुलाखालच्यांसारखी बोलायला लागलीस. काळजी नको. इथले पोलीस म्हणजे तरी कोण, आपलीच पोरं.

वेलदोड्याचा पाव पाठवतेय, ह्यात फक्त वेलदोडेच आहेत.
तुझी,
हेल्मीताई


आल्डर बे
१७ जानेवारी २०१३

चि. सिल्वीस,
आशीर्वाद.

ते आले होते. मंगळवारी दुपारी. वेस्ली लाहती, ज्याला मी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं, आणि त्याच्याबरोबर पुलाखालून नवा बदलून आलेला दुसरा पोलीस. कुणीतरी वास येतो म्हणून कळवलं होतं. मी दार उघडलं तर वेस्लीचे कान थंडीने लाल झालेले. मी म्हटलं, आत या आधी, दार उघडं ठेवू नका, गारठा येतो. तुझं पत्र फ्रिजवर होतं. मी त्या पत्रासमोरूनच गेले आणि कॉफीचे कप काढले.

वेस्लीने पावाचे दोन तुकडे खाल्ले. बाई, पाव तसाच आहे, म्हणाला. मग नव्या माणसाने वासाचं विचारलं. मी म्हटलं हो, औषध आहे, कार्ड आहे, आणि कार्ड आणून टेबलावर ठेवलं. तुझे भावोजी इतके खूश झाले, सिल्वी. किती दिवसांत त्यांची रोपं बघायला कुणी आलं नव्हतं. चालायचा वॉकर घेऊन बर्फातून तेच पुढे झाले. नव्या माणसाने खिळ्यावरची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि विचारलं, ही नेहमी इथेच असते का? ताउनो म्हणाले, मग कुठे असणार, अडकलेल्या माणसाला सापडायला नको? त्याने ते लिहून घेतलं. मग ताउनोंनी एकेका रोपाची नावानिशी ओळख करून दिली, तेही लिहून घेतलं.

त्यानंतर रोपं मुळापासून उपटली आणि कागदी पिशव्यांत भरली. सिल्वीला काठीसकट. लोण्याची बरणीसुद्धा नेली. कुलूपबंद जागा नाही, त्यामुळे कार्डाचं संरक्षण लागू नाही, दोघांवर खटला होईल, असं नव्या माणसाने सांगितलं. वेस्ली माझ्याकडे बघत नव्हता. जाताना मात्र त्याने आपला कप विसळून पालथा घातला, इथे सगळे घालतात तसा.

झटके परत सुरू झालेत. काल रात्री मी त्यांच्या पायांवर बसून होते.

मला रागाव. तुझा तो हक्क आहे.
हेल्मीताई


लान्सिंग
२३ जानेवारी २०१३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावणार नाही. माझ्या साहेबांच्या ओळखीचे एक वकील तिकडे आहेत, ते तुमचं काम घेतील, मी बोलले आहे. तोवर कुणाशी काही बोलू नका आणि कशावरही सही करू नका.

फक्त एक गोष्ट आठवून लिही. दारात आधी कोण बोललं? त्यांनी आत येऊ का म्हणून विचारलं, दारात पाय ठेवला, धाक दाखवला, काही? झडतीलाच आक्षेप घेता आला तर पुढचं सगळं गळून पडेल. म्हणून विचारतेय.

भावोजींना जुन्या गोळ्या पुन्हा द्याव्या लागताहेत का? त्या न देता भागत नसेल तर दे, पण डॉक्टरांना विचारून. मी सुनावणीला येतेय.

तुझ्या हातच्या कॉफीला दोष न देणारी,
सिल्वी


आल्डर बे
३ फेब्रुवारी २०१३

चि. सिल्वीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वकील येऊन गेले. चांगले आहेत, पण कॉफी उभ्यानेच घेतात. त्यांनीही तेच विचारलं आणि म्हणाले, नीट आठवा. मला नीट आठवतंय, तेच तर दुखणं आहे. त्यांनी काही विचारलंच नाही. विचारायच्या आत मीच बोलावलं. बायबलवर हात ठेवून मी दुसरं काही सांगणार नाही.

सरकारी वकिलाने निरोप पाठवलाय की गुन्हा कबूल केला तर नुसता दंड, तुरुंग नाही. मात्र कार्ड परत करायचं आणि पुन्हा कधी रोप लावायचं नाही. ताउनो सही करायला निघाले होते. म्हणतात, दुखणं माझं आहे, माझ्या ओळखीचं आहे, पण तुला पिंजऱ्यात उभं राहावं लागू नये. मी सांगितलं, सही केलीत तर ह्या घरात तुम्हाला कॉफी बंद. तेव्हा पेन खाली ठेवलं.

गोळ्या चालू कराव्या लागल्या. टोमणे बंद झालेत. परवा न्हाणीघरात पडले आणि मी उचलायला गेले तर म्हणाले, राहू दे, इथे बरं आहे. सिल्वी, मला तुरुंगाची भीती नाही वाटत. ह्या वाक्याची वाटते.

येताना उबदार बूट घालून ये.
वाट बघणारी,
हेल्मीताई


लान्सिंग
४ मार्च २०१३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नीट पोचले. वाटभर बर्फ होता आणि डोक्यात ते कोर्ट.

तू पिंजऱ्यात उभी राहून म्हणालीस, मीच त्यांना आत बोलावलं, बाहेर थंडी होती. वकिलांनी डोळे मिटले, ते मी बघितलं. मग त्यांनी वेस्लीला विचारलं की बाईंनी बाहेरच उभं केलं असतं तर काय केलं असतंत? तो म्हणाला, परत गेलो असतो, वॉरंट नव्हतं. किल्ली खिळ्यावर ठेवणारी घरं ह्या भागात किती, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, सगळीच. माझंही.

न्यायाधीशबाई काही दुष्ट नव्हत्या. बोलावलंत, म्हणजे परवानगी दिलीत, म्हणाल्या. आणि ज्याची किल्ली शेजारी लटकते ते कायद्याच्या लेखी कुलूप नव्हे. दोन्ही बाजूंनी आपण हरलो असं वाटलं. मग आपल्या डॉक्टरांनी उभं राहून सांगितलं की हे ह्या माणसाचं औषध आहे आणि लागतं तेवढंच होतं. रोग्याला तेवढी एक वेगळी वाट कायद्यात आहे, कुलूप नसलं तरी, म्हणून दोघांवरचा खटला काढून टाकला आणि कार्डं राहिली. मी आनंदाने तुझ्याकडे वळले तर तू भावोजींच्या गुडघ्यांवरची शाल नीट करत होतीस. त्यांना निकाल कळला होता की नाही, मला अजून समजलेलं नाही.

ताई, रोग्यांच्या हक्कांची ती ओळी-ओळींची पानं मी इतकी वर्षं टंकत आले. पण हक्क वापरायचा म्हणजे गारठलेल्या माणसाच्या तोंडावर दार ओढायचं, हे मी कधी मनात उभं करून बघितलंच नव्हतं. आईने आपल्याला सगळं शिकवलं, तेवढं एक शिकवलं नाही. मी तिथे असते तर मीही कप काढले असते.

मला अजून तुझ्या कुशीतलीच समज.
सिल्वी


आल्डर बे
२१ एप्रिल २०१३

चि. सिल्वीस,
हेल्मीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तळ्याचा बर्फ काळा पडलाय, आठवडाभरात फुटेल. नवीन रोपं बोटाएवढी झाली. त्यांचं औषध व्हायला उन्हाळा जाईल, तोवर गोळ्या. ताउनो सॉनाच्या दारापर्यंत येतात आणि बघतात. ह्या वेळी कुणाला नाव दिलेलं नाही. मी म्हटलं, एक तरी सिल्वी हवी. म्हणाले, नको, परत कुणी लिहून घेईल. वाक्य कडू होतं, पण कितीतरी दिवसांनी एक टोमणा ऐकला आणि मी त्याच्यावरच समाधान मानलं.

किल्ली आता माझ्या गळ्यात असते, दोरीत ओवून. खिळा तसाच आहे. सुकी लाकडं आणि एक जुनी शेगडी मी अंगणातल्या उघड्या छपरीत हलवली आणि काडेपेटी डब्यात घालून तिथे ठेवली. अडकलेला माणूस गोठणार नाही. पूर्वीइतकी ऊब मात्र त्याला मिळणार नाही.

गुरुवारी वेस्ली आला, एकटाच. जप्त केलेला माल परत द्यायचा हुकूम होता. पिशव्या उघडल्या तर सगळ्याला बुरशी, नुसता काळा चुरा. त्यात तुझी काठी तेवढी धड होती. मी पावलं ऐकली तशी बाहेर गेले आणि दार मागे ओढून घेतलं, तू सांगितलं होतंस तसं. आयुष्यात पहिल्यांदा. तो पायरीवर उभा राहिला. पाऊस आणि बर्फ मिसळून पडत होतं. बाई, मला वाईट वाटतं, म्हणाला. मी म्हटलं, कोर्टात खरं बोललास, तेवढं पुरे. मग मी आत गेले आणि कॉफीचे दोन कप घेऊन परत बाहेर आले. दोघांनी उभ्याने प्यायली. त्याच्या आईच्या गुडघ्याचं विचारलं, मासे कसे लागताहेत ते त्याने सांगितलं.

कप रिकामा झाला तसा तो सवयीने विसळायला दाराकडे वळला. मग थांबला. आणि कप माझ्या हातात दिला.

उन्हाळ्यात ये. अंगणातून हाक मार, मी येऊन कडी काढीन.

तुझ्यावर होता तितकाच जीव असलेली,
हेल्मीताई