नळीतले थेंब

गुरुवार, संध्याकाळ

ह्यांना व्हेंटिलेटरवर ठेवून आज पाच दिवस झाले. दुपारी वाफेचं औषध चालू होतं आणि नळीत थेंबच थेंब. वाटलं, औषध छातीत जायचं सोडून वाटेतच अडलंय. कळसच्या आमच्या रानात ठिबकचं पाणी अडलं की नळी उचलते, तशी हीही उचलली. थेंब ह्यांच्याकडं उतरायला लागले.

"अहो मावशी, सोडा!" सिस्टर धावत आली. "नुसतं पाणी हाय ते, छातीत गेलं तर?"

मी पटकन नळी खाली ठेवली. कसलं हे शहाणपण?

"मग औषध पोचतंय का न्हाय?"

"थोडं नळीलाच चिकटतं, ते खरं हाय."

तिनं डॉक्टरांना विचारून औषधाची डबी तोंडाजवळून काढली, मागं मशीनकडं लावली. तिकडनं औषध दोन श्वासांच्या मधे नळीत साठतं म्हणे, आणि पुढच्या श्वासाला जास्त आत जातं.

मी आपली थेंबांकडंच बघत बसले. पण ह्यांच्या छातीतनं श्वासागणिक वाजणारी शिट्टी तासाभरानं खरंच कमी झाली. अंगारा लावायला गेले, तर ह्यांनी मान फिरवली. पाच दिवसांत पहिल्यांदा हलले! अंगाऱ्याचा कंटाळा लग्नापासूनचा. खंडेराया, तू तेवढा रागावू नकोस.