घुबडाच्या पोटातलं घड्याळ

३ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भंगारदरबाराला माझ्याकडून नजराणा: मोडकी कात्री, शिवताना बोटांत घालायची झिजलेली दोन अंगुस्तानं, मापाची फाटकी टेप आणि ह्यांचं गजराचं घड्याळ. ते बंद पडलंय. घड्याळाचं दुकान बंद करून तू रिकाम्या डब्यांची नि गंजक्या चमच्यांची पाखरं करायला लागलास, तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता त्यांचा हेवा वाटतो. निदान एका खोलीत घोळक्याने तरी राहतात!

शिवणकाम भरपूर आहे. ह्यांना जाऊन वर्ष होईल. संध्याकाळी मशीन थांबलं की घर अंगावर येतं, बाकी ठीक. जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ आहेच, तो पत्रातही दिसू दे.

तुझी चिमणी


२१ मार्च

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या घड्याळाचं घुबड केलं. चाकांचे डोळे, अंगुस्तानांचे कान, टेपचे पंख. शेजारचा बुकबाइंडरसुद्धा वाखाणून गेला. काल उरलेली स्प्रिंग सहज हातात घेतली आणि मग घुबडाचे डोळेही भिंग लावून तपासले. स्प्रिंग धड होती, चाकांचा एक दातही झिजलेला नव्हता. घड्याळ बिघडलंच नव्हतं गं, त्याला नुसती किल्ली दिलेली नव्हती! चाळीस वर्षांत किल्ली देऊन न बघता उघडलेलं हे पहिलंच घड्याळ. घुबडाच्या नादात हात शिवशिवत होते. मेहुण्यांची वस्तू मी मोडली. माझं चुकलं. पण तुला ठाऊक होतं का? खरं सांग.

दादा


२ एप्रिल

ती. दादास, नमस्कार.

ठाऊक होतं. ह्यांच्या पाळीसाठी पाचचा गजर असायचा. ते गेल्यावरही मी रोज किल्ली देत राहिले. पाचला जाग यायची आणि उठवायला कुणीच नसायचं. मग एक दिवस किल्ली द्यायचीच सोडली. भंगारात घालायला हात धजेना, म्हणून तुझ्याकडे धाडलं. आता कपाटावरच्या रिकाम्या जागेकडे बघवत नाही. वेडी आहे झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस. घुबड राहू दे.

चिमणी


१० एप्रिल

चि. चिमणीस, आशीर्वाद.

घुबडातून घड्याळाचे भाग काढून घेतले. घड्याळ पुन्हा जुळवलं, चार दिवस अगदी बरोबर चालतंय. गजर मात्र सातवर आणलाय, रागावू नकोस. घुबड बिचारं आंधळं झालंय, त्याला तुझ्या डब्यातली कोटाची दोन बटणं काढून ठेव. पाखरं बुकबाइंडरच्या हवाली केली आहेत. रविवारी घड्याळ आणि घुबड घेऊन येतोय. त्या घड्याळाला किल्ली रोज द्यावी लागते, आणि त्या बाबतीत तुझ्यावर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. तेव्हा परतीचं तिकीट काढलेलं नाही.

दादा