गेजला लावलेलं कुंकू

२७ सप्टेंबर, शनिवार

साखर कारखान्याची वाफेची लाईन आपल्या वर्कशॉपला मिळाली. मोठ्या पाइपचे वेल्डिंगचे अठरा जोड. वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला तीस किलो, म्हणून टेस्ट दीडपटीनं, पंचेचाळीस किलोवर. पाइपमध्ये पाणी भरायचं, हातपंपानं दाब चढवायचा, गळलं नाही तर पास. मालक श्रेणिकशेठ म्हणाले, बाळासो, टेस्ट तुमच्या जबाबदारीवर.

अकरा तारखेला लाईनमध्ये पहिली वाफ सोडणार. त्याआधी पूजा, आणि पूजेला जोडपं लागतं. कारखान्यानं मिस्त्रींनाच, म्हणजे मला, सपत्नीक बसवायचं ठरवलं आहे. घरी सांगितलं. हिनं लगेच इरकल साडी वारा लागायला बाहेर काढली.

संकल्प: चौथा जोड बरोबर पूजेच्या जागेवर येतो. तो स्वतः मारायचा.

२९ सप्टेंबर, सोमवार

चौथा जोड मारला. देवाचं नाव घेऊन.

बाकीचे सतरा वर्षाराणी मारते आहे. आयटीआय करून आलेली, हात बरा, तोंड मोठं. म्हणाली, मिस्त्री, चाळशी घाला की, दोन पायपांतली फट तरी दिसतीया का? मी म्हणालो, मला हाताला दिसतं. मला अजून पन्नास पूर्ण नाहीत. चाळशी खिशात असते, ती बायकोच्या समाधानासाठी.

जोड थंड झाल्यावर हातोडीनं वाजवून पाहिला. जोतिबाच्या देवळातल्या घंटेसारखा नाद आला. वर्षाराणी म्हणाली, घंटा बी आतनं पोकळच असतीया. दुर्लक्ष केलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

हत्यारांची पूजा केली. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, हातोडी, आणि मधोमध, ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या उस्तादांचं दाब मोजायचं प्रेशर गेज. उस्तादांनी ते आयुष्यभर हवेच्या कंप्रेसरवर वापरलं आणि जाताना मला दिलं. तबकडीवर शून्य ते शंभर. खाली काही बारीक इंग्रजी अक्षरं आहेत, ती मला कधी लागली नाहीत. तिथं जागा बरी होती म्हणून कुंकवाचं ठसठशीत बोट तिथंच ओढलं.

शेठनी या कामासाठी नवं गेज आणलं आहे, ते डब्यातच राहिलं. पूजा न झालेल्या हत्यारानं एवढं मोठं काम करणं मनाला पटत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

टेस्ट पास!

पंपावर आमचा हेल्पर जोतीराम होता. पाच-सहा हाबके मारले तोवर काटा पंचेचाळीसवर. जोतीराम म्हणाला, मिस्त्री, हँडल लोण्यागत चाललंय की, एवढ्यात कसं आलं? मी म्हणालो, पाइप सरळ मनाचा असला की दाब लवकर चढतो. अर्धा तास काटा हलला नाही. कुठं थेंब नाही. मनात चांगभलं म्हटलं.

वर्षाराणी म्हणाली, कुंकू पुसून जरा खालचं वाचू की. मी म्हणालो, लावलेलं कुंकू पुसायचं नसतं, ते आपसूक जाऊ द्यायचं. मग म्हणते, डब्यातलं नवं गेज लावून परत बघू. मी विचारलं, पास झालेल्या पोराला कुणी परत परीक्षेला बसवतं का? म्हणाली, मला धावीला बसवलंतं की, पेपर चुकीचा तपासला हुता म्हणून.

शेठना फोन केला. लाईन पास.

५ ऑक्टोबर, रविवार

हिला घेऊन कोडोलीला निघालो. रस्त्यात गाडीचं मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्यानं हवा भरताना विचारलं, पावणं, पस्तीस घालू का? हो म्हणालो. त्याचं गेज अगदी आपल्या उस्तादांच्या गेजसारखं, फक्त कुंकू नाही.

हिनं विचारलं, तुमच्या पायपात किती घातलंतं? पंचेचाळीस, मी म्हणालो, जरा मोठ्यानं, पंक्चरवाल्यालाही ऐकू जावं म्हणून. ही हसली. म्हंजे आमच्या चाकापरीस धाच जास्त व्हय?

परतताना विचार केला. बोटाएवढं जाड लोखंड पंचेचाळीस सोसतं, आणि रबर पस्तीस. रबरानं फारच प्रगती केली आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागिरी. दूध बाधलं असावं. जेवण गेलं नाही. रबर डोक्यातून जात नाही.

सहज कारखान्यावर जाऊन आलो. चौथ्या जोडाखाली उभा राहिलो. पूजेचे दोन पाट मांडून ठेवलेत, एक माझा, एक हिचा. हिचा पाट हातभर बाजूला सरकवला. ऊन लागू नये म्हणून. शेडमध्ये ऊन येत नाही, पण काळजी घेतलेली बरी. मग आणखी दोन हात सरकवला. मग मांडववाला ओरडला, ओ मिस्त्री, त्या बाई काय शेजारच्या गावात बसणार हाईत काय?

कुंकू पुसलं नाही. पुसलं की मनात शंका होती असं होईल. शंका नाही.

संध्याकाळी शेठना फोन केला, कोजागिरीच्या शुभेच्छा द्यायला. कोजागिरी झाली होती, तरी. बोलता बोलता गेजचा विषय निघाला. कसा निघाला आठवत नाही. शेठ म्हणाले, परवा कारखान्याच्या साहेबांना त्यांचं गेज घेऊन बोलावतो.

लोकांचा चांगल्या कामावरही विश्वास राहिलेला नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

साहेब आले. त्यांचं गेज लावलं. जोतीराम पंपावर. दहा किलोला घाम. वीसला तो हँडलवर सगळा भार टाकून लोंबकळत होता. आज हँडल लोण्यागत न्हाय, मिस्त्री, म्हणाला.

पंचवीस. सगळे मागं सरकले. मी चौथ्या जोडाकडं बघत उभा होतो. ओठात जोतिबाचं नाव. सव्वीस. सत्तावीस.

अठ्ठावीसला चौथ्या जोडातून सुईएवढी धार निघाली आणि सरळ खाली, हिच्या पाटाची मूळ जागा होती तिथं पडली.

वाफ तीस किलोची असणार होती. पाणी होतं म्हणून फरशी ओली झाली, एवढंच. मी हिच्या सरकवलेल्या पाटावर जाऊन बसलो. सकाळी उपास होता.

साहेबांनी उस्तादांचं गेज मागितलं, खिशातून रुमाल काढला आणि कुंकू पुसलं. खाली पीएसआय, म्हणजे किलोचं नव्हे, पौंडाचं माप. शेठनी मला सगळ्यांसमोर समजावलं, बाळासो, तुमचे पंचेचाळीस म्हणजे आपले तीन किलो. जोतीराम म्हणाला, तरीच! एवढं तर माझ्या स्प्लेंडरच्या चाकात बी जातंय.

वर्षाराणीनं टोमणा न मारता सरळ ग्राइंडर उचलला. ते फार लागलं. तिनं जोड कापला, नवा मारला. मी चाळशी लावून टॉर्च धरला. फट खरंच दिसते.

संध्याकाळी परत टेस्ट. साहेबांच्या गेजवर पंचेचाळीस किलो. अर्धा तास. अठराही कोरडे.

११ ऑक्टोबर, शनिवार

पूजा झाली. पाटावर वर्षाराणी आणि तिचा नवरा. तो सारखा वर पाइपकडं बघत होता. आम्ही दोघं मागं, खांबाजवळ. ही इरकल नेसून आली होती. मी म्हणालो, मानापमानाचं मला काही नाही. ही म्हणाली, मला हाय की. पण वाफ सुटली, पाइप गरजला, तेव्हा तिनं माझा दंड धरला आणि सगळं निवेपर्यंत सोडला नाही.

टेस्टिंग आता वर्षाराणीकडं. माझ्यावरचा ताण कमी करावा, असं मीच शेठना सुचवणार होतो.

शेठनी उस्तादांचं गेज घरी न्यायला दिलं. म्हणाले, गाडीला कामाला येईल. बाहेर आलो तर मागचं चाक बसलेलं. चाळशी लावली, गेज लावून पाहिलं. शून्य. काटा तसूभर इकडंतिकडं नाही.

गेज अचूक आहे, हे मी पहिल्यापासून सांगत होतो.