पेचकसाची मूठ कानाला

राजापेठ, अमरावती
८ सप्टेंबर २०२४

ती. पुंजामामा यांस,
ज्योत्स्नाचा सविनय जयभीम. वि.वि.

पत्र पाहून तुम्हाला वाटेल, या पोरीचा फोन चोरीला गेला की काय. फोन आहे. सहा वेळा केला. सहाही वेळा पंचफुलामामींनी उचलला आणि सहाही वेळा तुम्ही आंघोळीला गेलेले होता. एवढी आंघोळ करणारा माणूस मी वऱ्हाडात पाहिला नाही. शेवटी मामीच म्हणाल्या की बाई, तू लिही, ते पत्र वाचतात.

तर बातमी अशी की मी गाडी घेते आहे. पिवळी, परदेशी बनावटीची, दोन दारं, दोनच सीट. स्पोर्ट्स कार म्हणतात ती. चौदा वर्षांची जुनी आहे आणि तिचं इंजिन मागे आहे, आपली डिकी असते तिथे. मालक गजेंद्रराव जिनिंगवाले. गाडी त्यांच्या वडिलांच्या हौसेची. वडील गेले आणि हे इतके उंच की तिच्यात मावत नाहीत. माझं विचाराल तर अकरा वर्षं क्लासमध्ये फळ्यावर वेग शिकवते आणि तीसच्या स्पीडनं स्कूटीवर घरी येते. हौस आहे, दुसरं कारण शोधू नका.

काळजी एकच, इंजिनाची. ही इंजिनं गेली की पूर्ण जातात, आणि दुरुस्त करणारा माणूस अमरावतीत नाही. मीटरवर आकडा कमी दिसतो, पण गाडी कशी चालवली ते मीटर सांगत नाही. ते तुम्ही सांगाल. तुमच्या एका शब्दावर अर्ध्या अकोल्यानं जुन्या गाड्या घेतल्या. लहानपणी तुम्ही पेचकसाचं टोक इंजिनाला लावून मूठ माझ्या कानाला टेकवायचे, ते मला अजून आठवतं. तुम्ही या, तसंच करा आणि 'घे' म्हणा. आई गेल्यापासून विचारावं असं मोठं माणूस तुम्हीच आहात.

पहिला प्रवास घाटातून सेमाडोहचा, शेजारच्या सीटवर तुम्ही. सीट दोनच आहेत हे मामींना सांगू नका.

माया होतीच, ती वाढत राहावी ही विनंती.
तुमची भाची,
ज्योत्स्ना

कौलखेड, अकोला
१६ सप्टेंबर २०२४

चि. ज्योत्स्ना हिस,
मामाचा जयभीम व अ.उ.आ.

पत्र पोचलं. तुझी हौस ऐकून बरं वाटलं. माझे गुडघे दुखतात, येणं जमेल असं वाटत नाही. काय पाहायचं ते लिहितो, तूच पाहा.

जाशील तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे. आधी हात लावून बघ. विकणारे गाडी तापवून ठेवतात, म्हणजे सुरू होतानाची कुरकुर लपते. ऑइलची पट्टी ओढून पाहा, ऑइल किती आहे ते मनात ठेव आणि काही दिवसांनी पुन्हा पाहा. सायलेन्सरच्या आत बोट फिरव. दोन नळ्या असतील तर दोन्हींत फिरव. गाडी धुऊन चकचकीत केली असेल तर तिकडे लक्ष देऊ नको.

सेमाडोह सोडून दुसरं काही ठरव. आमच्या शेजारच्या सहदेवचा पाय गेल्यापासून त्या घाटाचं नाव मी काढत नाही. पर्यटकांना फिरवायला त्यानं जुनी जीप घेतली होती, हे तुला माहीत आहे.

मामी बरी आहे. जपून राहा आणि आमची आठवण ठेव.
पुंजाजीमामा

राजापेठ, अमरावती
२९ सप्टेंबर २०२४

ती. मामा यांस,
सविनय जयभीम. वि.वि.

सांगितलं तसं केलं. पहाटे न कळवता गेले. इंजिन थंडगार होतं. एका चावीत सुरू झालं. आवाज म्हणाल तर शांत. धूर नाही. ऑइल वरच्या खुणेपर्यंत. गजेंद्ररावांनी सर्व्हिसची बिलंसुद्धा काढून दाखवली. माणूस सरळ वाटला.

तरी तुम्ही आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. नागपूरचं एक गिऱ्हाईक दिवाळीच्या आत येणार आहे, तोवर गजेंद्ररावांनी मला मुदत दिली आहे. येत्या शनिवारी सकाळच्या बसनं निघा, मी स्टँडवर उभी असेन. गुडघ्यांना मी रिक्षातून नेईन, तुम्ही फक्त कान घेऊन या. तुम्ही घे म्हणालात की मी डोळे मिटून घेणार.

नाही म्हणू नका, एवढा हट्ट पुरवा.
ज्योत्स्ना

कौलखेड, अकोला
८ ऑक्टोबर २०२४

चि. ज्योत्स्ना हिस,
मामाचा जयभीम व अ.उ.आ.

शनिवारी मी वीस मिनिटं पेचकस धरून उभा राहिलो, कळवतो म्हणालो आणि गजेंद्ररावांचा चहा न घेता स्टँडवर निघून आलो. तुला राग आला असेल. तू रस्त्यापर्यंत मागे येऊन हाका मारत होतीस, हे मला रिक्षावाल्यानं हातवारे करून सांगितलं तेव्हा कळलं.

ज्योत्स्ना, मला ऐकू येत नाही. चार वर्षं कमी कमी होत गेलं आणि गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून जवळजवळ काहीच नाही. चौतीस वर्षं चालत्या इंजिनांत डोकं घालून काम केलं, त्याचं हे. यंत्र लावून पाहिलं, त्यातून नुसती खरखर येते. मामीशिवाय कुणाला सांगितलं नाही. समोरच्याचे ओठ पाहून निभावतो. फोनला ओठ नसतात, म्हणून त्या आंघोळी.

एवढंच असतं तर म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं. गेल्या डिसेंबरमध्ये सहदेव ती जीप दाखवायला घेऊन आला. मी पेचकस टेकवला. हाताला थरथर लागली, कानाला काही नाही. आवाज नाही म्हणजे इंजिन शांत आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्याला घे म्हणालो. गल्लीतली दहा माणसं भोवती उभी होती. त्यांच्यासमोर मला ऐकू येत नाही हे म्हणण्यापेक्षा घे म्हणणं सोपं होतं. आत बेअरिंग ठोकत होतं. कुणीही शिकाऊ माणूस ओळखू शकला असता. मार्चमध्ये सेमाडोहच्या घाटात, घटांगच्या पुढे उतारावर इंजिन जाम झालं, मागची चाकं अडकली आणि जीप नाल्यात गेली. नशिबानं तो एकटाच होता. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

सहदेव म्हणतो, नशीब. मी रोज संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसतो, आणि तो नशीब म्हणाला की मान हलवतो. सात महिने झाले.

तुझ्या गाडीजवळही 'घे' हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता. तू इतक्या आशेनं पाहत होतीस. म्हणून पळालो. आता दुसरा माणूस शोध.

जमलं तर लोभ कमी करू नको.
पुंजाजी

ता.क. ज्योत्स्ने, मी पंचफुला लिहून राहिली. हे पत्र त्यायनं तीन खेपा फाडलं. कोणाले सांगू नको म्हणत होते, म्हणून मी तुले आंघोळ सांगत होती. खोटं बोलली, मनावर घेऊ नको. दोन दिसापासून बरोबर जेवून नाही राहिले.

राजापेठ, अमरावती
१३ ऑक्टोबर २०२४

ती. मामा यांस,
सविनय जयभीम. वि.वि.

तुमचं पत्र वाचून मी संध्याकाळचा क्लास सोडून दिला. राग आला, तो लपवत नाही. सहदेवदादांचा पाय डोळ्यांपुढून हलेना. मग रडू आलं, ते तुमच्यासाठी. तुमच्या मागे उभी राहून मी तीनदा विचारलं होतं की चहा घेणार ना, आणि मनात म्हटलं, म्हातारा अकडला. मला माफ करा.

पण माझंही एक लपलेलं आहे. त्या पहाटे गाडी सुरू केल्यावर दहाएक मिनिटांनी मागून एक टकटक यायला लागली. मी ऐकली. भिंतीवरून आवाज परत येत असेल, असं स्वतःला समजावलं आणि तुम्हाला शांत असं लिहून टाकलं. सायलेन्सरमध्ये बोट फिरवलंच नाही. मी मुलांना ध्वनीचा धडा शिकवते हो. तुमचे कान गेले होते, माझे तर जागेवर होते.

दुसरा माणूस मी शोधलेला नाही. काल पेचकस विकत घेतला, हातभर लांब. ओळखीच्या गॅरेजात गाडी रॅम्पवर चढवली, वीस मिनिटं चालू ठेवली आणि खाली जाऊन मूठ कानाला लावली. ऐकलं ते लिहिते, तुम्ही वाचा.

इंजिनाच्या उजव्या बाजूला सगळीकडे शिवणयंत्रासारखा एकसारखा आवाज. डावीकडे पुढून दुसऱ्या जागी वेगळा. कोरडा, टक्, टक्, रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर नखानं टिचकी मारावी तसा. रेस दिली की टिचक्या जवळजवळ येतात. इंजिन थंड असताना हा आवाज नव्हता, तापल्यावर सुरू झाला आणि नंतर थांबला नाही. उजव्या सायलेन्सरमध्ये बोट राखाडी झालं, डाव्यात काळं आणि चिकट. ऑइल पट्टीवर बोटभर खाली गेलं आहे. गाडी तर या दोन आठवड्यांत जेमतेम गावातल्या गावात फिरली.

तुम्ही काय म्हणाल ते मला बहुतेक कळलं आहे. तरी तुमच्या हातचं वाचायचं आहे.

पोटभर जेवा, मामींचं ऐका. (हे वाक्य कसं वाचायचं ते तुम्ही ठरवा.)
तुमचीच,
ज्योत्स्ना

कौलखेड, अकोला
१८ ऑक्टोबर २०२४

चि. ज्योत्स्ना हिस,
मामाचा जयभीम व अ.उ.आ.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. शिवणयंत्र आणि पत्र्याचा डबा. दीड वर्षानं मला इंजिन ऐकू आलं.

घेऊ नको. डावीकडच्या दुसऱ्या सिलिंडरची आतली भिंत खरवडली आहे. पिस्टन तिथे नीट बसत नाही, हलतो आणि आपटतो. त्याच फटीतून ऑइल वर जाऊन जळतं, म्हणून डाव्या नळीत काजळी आणि पट्टीवर ऑइल कमी. मी तुला थंड इंजिन पाहायला सांगितलं. तो नियम बहुतेक गाड्यांना बरोबर, पण हे दुखणं तापल्यावरच बोलतं. माझंही पूर्ण बरोबर नव्हतं. गजेंद्ररावांना सांग, जुना ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघा. चकचकीत कण दिसतील. गाडी लांबच्या रस्त्याला काढू नका, हेही सांग. त्यांना माहीत नसेल. टापटीप ठेवलेली गाडी आतून आजारी असते तेव्हा मालकालाच शेवटी कळतं.

तुझी हौस मोडली, याचं वाईट वाटतं. फार वाटतं.

आता सहदेवकडे जाऊन सांगायचं आहे. दोन दिवस त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

तुझ्या मनात आम्हाला जागा आहे, ती असू दे.
मामा

राजापेठ, अमरावती
२५ ऑक्टोबर २०२४

ती. मामा यांस,
सविनय जयभीम. वि.वि.

फिल्टर कापला. कागदाच्या घड्यांमध्ये मिठाईवरच्या वर्खासारखी चमक होती. गजेंद्रराव बराच वेळ तो कागद उन्हात धरून बसले. मग म्हणाले की बाबांनी शेवटच्या वर्षी गाडीला कुणाला हात लावू दिला नव्हता. नागपूरच्या गिऱ्हाइकाला त्यांनी माझ्यासमोर फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

मी स्कूटीवर घरी आले आणि रडले. पिवळ्या गाडीसाठी चौतीस वर्षांची बाई रडते, हे कुणाला सांगू नका. पेचकस मात्र टेबलाच्या खणात ठेवला आहे.

मामा, माझं झालं. आता तुम्ही सहदेवदादांकडे जा. ते काय म्हणतील मला ठाऊक नाही, पण रोज मान हलवण्यापेक्षा ते बरं असेल.

उत्तराची वाट पाहते, आणि तुमचीही.
ज्योत्स्ना

कौलखेड, अकोला
१० नोव्हेंबर २०२४

चि. ज्योत्स्ना हिस,
मामाचा जयभीम व अ.उ.आ.

दिवाळीचे चार दिवस जाऊ दिले आणि पाचव्या दिवशी सहदेवकडे गेलो. उभ्यानंच सगळं सांगितलं. ऐकू येत नव्हतं, तरी पेचकस लावला, तरी घे म्हणालो, पाय माझ्यामुळे गेला. मी मान खाली घातली होती, त्याचे ओठ दिसत नव्हते. मग त्यानं माझा हात ओढून मला खाटेवर बसवलं, वही मागवली आणि लिहिलं. तो कागद मी घेऊन आलो आहे. जसंच्या तसं उतरवतो.

काका, मले मालूम होतं. त्या दिवशी तुमी पेचकस लावून उभे होते तवा मी मांगून दोन खेपा आवाज देल्ला. तुमी वळून नाही पाह्यलं. मी तवाच समजलो. पण तुमी घे म्हटलं, अन् मले तेवढंच पायजे होतं. जीप मी घेतली. नशीब नशीब मी तुमच्यासाठी म्हणत होतो, तुमी रोज तोंड पाडून बसत होते म्हणून.

वाचून मी किती मोठ्यानं रडलो ते मला कळलं नाही. मामी म्हणते, गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

माझी चूक यानं कमी होत नाही. हे मी त्यालाही सांगितलं. तो हो म्हणाला. पण आता गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की पुंजाजीला ऐकू येत नाही, आणि मी जेवतो आहे. परवा एक जण ट्रॅक्टर घेऊन आला. मी टोक लावलं, सहदेवनं कुबडी भिंतीला टेकवून मूठ कानाला धरली आणि पाटीवर खडूनं लिहिलं की बकरी खोकलून राहिली. मी इतक्या वर्षांत आवाजाचं असं वर्णन वाचलं नव्हतं, पण डिझेल उडवणारं नोझल खराब आहे हे मला कळलं. त्याला नीट ऐकायला अजून सहा महिने लागतील. कान चांगला आहे.

तब्येत सांभाळ, आणि इकडची वाट विसरू नको.
तुझा,
पुंजाजीमामा

ता.क. पुढची गाडी पाहशील तेव्हा आधी कळव. मूठ सहदेव धरेल. मात्र चार सीटची पाहा, मामीनं तुझं पहिलं पत्र वाचलं आहे. पहिल्या प्रवासाला मी दुसरं कुठलं तरी गाव सुचवत होतो, पण सहदेवनं पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यापुढे धरली: सेमाडोहलेच जाऊ.