मागच्या सीटला दार नाही

शनिवार, जानेवारी. कॉव्हेंट्री.

आज प्रशांतच्या गाडीत अर्धा तास अडकून बसले. स्वस्तातली गाडी घेतली माझ्या पोरानं, नुसती डबी. मागच्या सीटला दारच नाही. पुढची सीट दुमडल्याशिवाय म्हातारी बाहेर निघत नाही.

बुद्धविहारातून येताना चढावर बर्फ. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. सून ढकलायला उतरली. मी म्हटलं, मलाही उतरव.

"आई, तू बस. वजन असलं की चाक धरतं."

"अरे, बंडी चढावर अडली की आधी माणसं उतरवतात. बैलालाही कळतं ते!"

"ही बंडी नाही, आई."

बसले मग, गिट्टीच्या पोत्यासारखी.

माझ्या नागपूरला परतायच्या तिकिटाचंही असंच. दिवाळीनंतर म्हणाला, मग नाताळनंतर, आता म्हणतो बर्फ जाऊ दे. तू नातीला सांभाळतेस म्हणून आम्ही दोघं कामाला जातो, म्हणतो. म्हणजे मी कधी... जाऊ दे. मागच्या सीटला दार नाही, एवढं खरं.

शेवटी सूनच ओरडली, "अरे प्रशांत, आईंना उतरव ना आधी!"

मी उतरले आणि गाडी सरसर वर गेली. तिचा हात धरून मीही चढले. पडले नाही.

वर पोचून धापा टाकत म्हटलं, "पाहिलंस? माझ्यावाचून चढली. आता तिकीट काढ."

"आधी बस आई, थंडी बाधेल," म्हणत त्यानं सीट दुमडून धरली.

घर दोन मैल लांब. काय करते? बसले पुन्हा मागे.